ब्लॅक बुकचं मार्जिन पट्टीने मोजणाऱ्या सर-मॅडमना एक खुलं पत्र

प्रति,
कॉम्प्युटर आणि आयटी डिपार्टमेंटचे समस्त प्रोजेक्ट गाइड, एचओडी, आणि मार्किंग स्कीम ठरवणारी मंडळी

सर, मॅडम, नमस्कार.

मी कुठल्याही कॉलेजचं नाव घेणार नाहीये, तेव्हा आधीच टेन्शन घेऊ नका. गेल्या काही वर्षांत चार-पाच वेळा मला बीईच्या फायनल इयर प्रोजेक्टला एक्स्टर्नल (बाहेरून आलेली परीक्षक) म्हणून बोलावणं आलं, इंडस्ट्रीतलं कोणीतरी पाहिजे असतं म्हणून, आणि मी दर वेळी हौसेने गेले कारण मी स्वतः अशाच एका लॅबमध्ये, गरगर आवाज करणाऱ्या पण वारा न देणाऱ्या पंख्याखाली, घामाघूम होऊन व्हायवा दिलेली आहे. चहा, समोसा, मानपान सगळं नीट मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे, ब्लॅक बुकचं, म्हणजे त्या बाइंडिंग केलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टचं, मार्जिन तपासलं जातं पण आत वापरलेल्या सॉफ्टवेअरचं व्हर्जन कोणी विचारत नाही ही, आणि ती मुलांकडे करून उपयोग नाही कारण त्यांचा दोष यात फार तर चार आणे, बाकीचे बारा आणे तुमच्याआमच्याकडे जमा आहेत.

यंदाचीच गोष्ट सांगते. चार जणांचा ग्रुप, प्रोजेक्ट काय तर चेहरा ओळखून हजेरी लावणारी सिस्टीम. हो, तीच. दर वर्षी प्रत्येक कॉलेजात एक तरी असतेच, त्याला माझी हरकत नाही, नवशिक्यासाठी चांगला प्रोजेक्ट आहे तो. ज्याच्या लॅपटॉपवर सगळं चालत होतं तो लॅपटॉप दोन दिवस आधी पडला, डिस्प्ले गेला, म्हणून पोरांनी कोड पेनड्राइव्हवर घेऊन लॅबच्या पीसीवर बसवला. आधी डीलिब नावाची लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) बसेना, विंडोजवर ती बसवायची म्हणजे सीमेक पाहिजे, सी प्लस प्लसचा कंपायलर पाहिजे, ही कोड बांधायची हत्यारं, शेवटी कोणाच्यातरी ड्राइव्हवरून आयती बांधलेली व्हील फाइल शोधून कशीबशी बसवली (ती कोणी बांधली, आत काय आहे, देव जाणे). मग कोड चालवला तर एरर. काय, तर अनसपोर्टेड इमेज टाइप, इमेज आठ बिट ग्रे किंवा आरजीबी पाहिजे. आता एरर म्हणतंय इमेज चुकीची आहे, तर पोरं इमेजच्याच मागे लागणार ना. जेपीजीचं पीएनजी केलं, वेबकॅम बदलला, रंगांचा क्रम उलटा केला, आणि मी पोचले तेव्हा एक जण खिडकीपाशी तोंड करून उभा होता कारण "मॅडम, लाइट कमी पडतोय बहुतेक."

मी विचारलं, नमपायचं व्हर्जन कोणतं आहे? चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. नमपाय म्हणजे आकडेमोड करणारी पायथनची लायब्ररी. त्यांच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत, नुसतं "नमपाय" लिहिलं होतं, पुढे काही नाही. पडलेल्या लॅपटॉपवर १.२६.४ होतं, कुठल्यातरी जुन्या ट्यूटोरियलच्या वेळी टाकलेलं, आणि लॅबच्या पीसीवर पिपने (पायथनच्या लायब्रऱ्या आणून बसवणाऱ्या प्रोग्रामने) जे सगळ्यात नवीन होतं ते आणून ठेवलं होतं, म्हणजे दोनच्या पुढचं काहीतरी. नमपाय २.० आलं १६ जून २०२४ ला. २००६ मध्ये १.० आल्यानंतर पहिल्यांदाच टिंबाच्या आधीचा मुख्य आकडा बदलला, आणि आतली मांडणी बदलल्यामुळे जुन्या नमपायच्या हिशोबाने कंपाइल झालेल्या कितीतरी लायब्रऱ्या त्याच्यासोबत नीट चालेनात. काही निदान स्वच्छ सांगतात की बाबा मला जुन्या नमपायसाठी बांधलंय. त्या पोरांच्या वाट्याला आलेली व्हील मात्र फोटोलाच नावं ठेवत बसली. मी एक ओळ टाइप करायला सांगितली, नमपाय दोनच्या खालचं बसव. चाळीस सेकंदांत चेहरा ओळखला. त्यातली एक मुलगी इतकी चिडली होती की हसावं का रडावं तिला कळेना, "दोन रात्री झोपलो नाही मॅडम, आणि एवढंच होतं?"

एवढंच होतं. आणि हे तिला चार वर्षांत कोणीच सांगितलं नव्हतं.

आता ब्लॅक बुककडे या. त्याच ग्रुपचं ब्लॅक बुक मी उघडलं. टाइम्स न्यू रोमन, १२ चा फॉन्ट, ओळींमध्ये दीडची जागा, डावीकडे बाइंडिंगसाठी जास्तीचं मार्जिन, सगळं जिथल्या तिथे. गाइड सरांनी म्हणे दोनदा परत पाठवलं होतं, एकदा मार्जिनसाठी आणि एकदा आकृतीचा नंबर चुकला म्हणून. आणि त्यात "सॉफ्टवेअर रिक्वायरमेंट्स" नावाचं जे पान असतं, त्यावर काय होतं? पायथन. विंडोज १०. चार जीबी रॅम. ओपनसीव्ही. संपलं! व्हर्जन एकाचंही नाही. सर, राग मानू नका, पण आपण मिलिमीटरमध्ये मार्जिन तपासतो आणि ज्या आकड्यावाचून प्रोजेक्ट उभा राहत नाही तो आकडा विचारतच नाही, याला काय म्हणायचं?

दुसऱ्या ग्रुपला मी म्हटलं रिक्वायरमेंट्स फाइल दाखवा, त्यांनी अभिमानाने दाखवली, व्हर्जनसकट. तीनशेच्या वर ओळी. अर्ध्या ओळींत व्हर्जनच्या जागी सी ड्राइव्हमधला कुठलातरी पत्ता, जो त्यांच्या स्वतःच्या मशीनवरही अस्तित्वात नव्हता. ज्यांनी अॅनाकोंडा, म्हणजे पायथन आणि ढीगभर लायब्रऱ्यांचा एकत्र गठ्ठा, वापरलंय त्यांना कळलं असेल, सगळ्या जगाचं एकाच ठिकाणी बसवायचं, आणि शेवटी पिप फ्रीझ मारून, म्हणजे बसलेल्या सगळ्याची यादी काढून, जे येईल ते फाइलमध्ये ओतायचं. प्रोजेक्ट होता पिकाचा अंदाज सांगणारा, लागणाऱ्या लायब्रऱ्या जेमतेम सहा, बाकी सगळं चार वर्षांत जमा झालेलं अडगळीचं सामान. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्याच्यापुरत्याच लायब्रऱ्यांचा स्वतंत्र कप्पा, करायचं असतं हे त्यांना ऐकूनही माहीत नव्हतं, आणि ही सोय पायथनमध्येच आहे, ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, तेव्हा ही मुलं प्राथमिक शाळेत असतील.

तिसरा ग्रुप वेब वाला. त्यांनी सबमिशनला दिलेली झिप जवळजवळ जीबीभर, कारण आत नोड मॉड्यूल्सचं, म्हणजे डाउनलोड झालेल्या जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांचं, अख्खं फोल्डर. पेनड्राइव्हवरून कॉपी करताना ती हिरवी पट्टी हलेना, हजारो चिल्लर फायली एकेक करून जात होत्या, तेवढ्यात माझे दोन चहा झाले. मी विचारलं लॉक फाइल (नेमक्या व्हर्जनची नोंद असते ती) कुठंय, तर "ती डिलीट केली मॅडम, सारखा कन्फ्लिक्ट येत होता." म्हणजे जे द्यायचं नाही ते दिलं आणि जे द्यायलाच पाहिजे ते कचऱ्यात. शिवाय विंडोजवरचं ते फोल्डर उचलून लिनक्स सर्व्हरवर टाकलं होतं, आणि पासवर्ड हॅश करणारी (ओळखता येऊ नये असा बदलून ठेवणारी) जी लायब्ररी असते तिच्यात कंपाइल केलेला भाग असतो, तो विंडोजचा लिनक्सवर कसा चालणार, तर लॉगिनच बंद. त्यावर पोरांनी उपाय काय काढला? लॉगिनच काढून टाकलं. डेमोत डायरेक्ट डॅशबोर्ड. जुगाड म्हणून दाद द्यावीशी वाटली, खोटं कशाला बोलू.

मुलांना मी हे किराणाच्या भाषेत सांगते, तुम्हालाही चालत असेल तर वापरा. आई यादी देते, त्यात लिहिलेलं असतं तेल एक लिटर, तूरडाळ, साबण. ही झाली तुमची पॅकेज फाइल किंवा हाताने लिहिलेली रिक्वायरमेंट्स, आपल्याला काय पाहिजे तेवढंच त्यात. आणि दुकानदार जे बिल देतो, त्यावर कुठल्या कंपनीचं तेल, किती एमएल, कुठली डाळ, सगळं आकड्यानिशी, ती झाली लॉक फाइल. यादी घेऊन तुम्ही दोनदा दुकानात गेलात तर दोनदा वेगळं सामान येऊ शकतं. बिल दाखवून "हेच द्या" म्हटलं तर तेच येतं. फरक इतकाच की एनपीएमच्या, म्हणजे नोडची पॅकेजेस आणणाऱ्या प्रोग्रामच्या, बिलावर प्रत्येक वस्तूचा हॅश, म्हणजे आतल्या मालावरून काढलेला ठसासुद्धा लिहिलेला असतो, म्हणजे पाकिटावर नाव तेच पण आतला माल बदललेला असेल तरी पकडला जातो. आणि यादीत तुम्ही दहा वस्तू लिहिल्या तरी बिलावर पाचशे येतात, कारण त्या दहांना लागणाऱ्या, आणि त्यांना लागणाऱ्या, असं ते लांबत जातं.

हे मी कुठल्या उंचावर बसून बोलत नाहीये. माझ्या पहिल्या नोकरीत (कंपनीचं नाव राहू दे) मी लॉक फाइल गिट इग्नोरमध्ये, म्हणजे टीमच्या सामायिक कोडमध्ये न जाणाऱ्या फायलींच्या यादीत, टाकली होती. का, तर दर वेळी पुल केलं (टीमचा नवा कोड ओढला) की हजार ओळी लाल-हिरव्या दिसायच्या, मला वाटलं आपोआप बनणारी फाइल आहे म्हणजे कचराच, ठेवून काय करायचं. पॅकेज फाइलमध्ये व्हर्जनच्या आधी ते टोपीसारखं चिन्ह असतं ना, ^, त्याचा अर्थ मला माहीतच नव्हता. ^४.१.० लिहिलं म्हणजे ४.१.० पासून ५ च्या अलीकडे जे काही नवीन असेल ते आण, अशी मोकळीक दिली आपण. नियमाप्रमाणे मधला आकडा वाढला तर नवी सोय आली पण जुनं मोडलं नाही असं समजायचं, पण हा नियम माणसं पाळतात आणि माणसं चुकतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सर्व्हरवर ताजं इन्स्टॉल झालं, तारखा वाचणाऱ्या लायब्ररीचा मधला आकडा वाढलेला आला, आणि त्यात दिवस-महिना वाचायचा क्रम बदललेला. बिलांवर पाच जूनची सहा मे झाली. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, कारण ६ मे ही पण तारीखच आहे. १२ तारखेपर्यंत कोणाला पत्ता नाही. १३ तारखेला सगळं धाडकन पडलं कारण तेरावा महिना सिस्टीमला सापडेना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो मला असा भेटला. पुढचे चार दिवस मी आणि अकाउंट्सच्या एक काकू, १२ तारखेपर्यंतची बिलं हाताने तपासत होतो, आणि त्या काकू अजूनही मला दिवाळीला मेसेज करतात, त्यात तारीख मुद्दाम उलटी लिहितात.

सर, तुम्ही म्हणाल हे सगळं नोकरीला लागल्यावर शिकतातच की. शिकतात, पण कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या झोपेने ते मी आत्ताच सांगितलं. आणि आता गोष्ट नुसती चालण्या-न चालण्याची राहिलेली नाही. २०१६ च्या मार्चमध्ये अझेर कोचुलू नावाच्या प्रोग्रामरने एका नावावरून झालेल्या वादात चिडून एनपीएमवरची आपली अडीचशेच्या वर पॅकेजेस काढून घेतली, त्यात लेफ्ट-पॅड नावाचं एक होतं, ११ ओळींचं, शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणारं, बस्स, आणि त्या ११ ओळींवाचून जगभरच्या मोठमोठ्या प्रोजेक्टची बिल्ड (कोड बांधून तयार करणं) बंद पडली. तेव्हा लोक हसले. २०१८ मध्ये एनपीएमवरच्याच इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या पॅकेजच्या थकलेल्या मालकाने मदत करतो म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाकडे पॅकेज सोपवलं, त्याने आत बिटकॉइन चोरणारा कोड लपवला, तेव्हा हसणं कमी झालं. आणि ८ सप्टेंबर २०२५ ला चॉक, डिबग अशा, तुमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोड मॉड्यूल्समध्ये न मागता येऊन बसणाऱ्या पॅकेजेसच्या मालकाला एनपीएमच्या नावाने खोटा ईमेल आला, तो फसला, आणि क्रिप्टोचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात वळवणारी व्हर्जन्स बाहेर पडली. काही तासांत काढली गेली ती. पण त्या काही तासांत ज्याने लॉक फाइलशिवाय इन्स्टॉल केलं त्याच्याकडे ती यायची वाट मोकळी होती, आणि ज्याने जुनं बिल दाखवून, म्हणजे एनपीएम सीआय वापरून, सामान आणलं त्याला आधीचंच मिळालं.

यात आता चॅटबॉटची भर. मुलं त्यालाच विचारतात कुठली लायब्ररी लावू, आणि तो कधीकधी अशी नावं सांगतो जी अस्तित्वातच नाहीत, मग कोणीतरी टपून बसलेला असतो तो त्या नावाचं खरंखुरं पॅकेज करून ठेवतो. आधीच आपल्याकडे नावांचा घोळ थोडा आहे का, इम्पोर्ट करायचं सीव्ही२ आणि इन्स्टॉल करायचं ओपनसीव्ही-पायथन, इम्पोर्ट पीआयएल आणि इन्स्टॉल पिलो. पोरगं चार स्पेलिंग मारून बघतं, जे बसेल ते खरं.

उलट टोकही सांगते, नाहीतर तुम्ही लॉक फाइल पाठ करून घ्याल आणि मुलं २०१९ चं सामान २०३० पर्यंत वापरतील. इक्विफॅक्स या अमेरिकेतल्या क्रेडिट-माहिती ठेवणाऱ्या कंपनीचं काय झालं आठवतंय? अपाची स्ट्रट्स नावाच्या वेब लायब्ररीतल्या भगदाडाचा पॅच मार्च २०१७ मध्ये आलेला होता, त्यांनी लावला नाही, मे पासून चोर आत, आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. म्हणजे बिल जपून ठेवायचं पण अधूनमधून यादी घेऊन परत दुकानात जायचं, काय बदललं ते वाचायचं, चालवून बघायचं, मग नवीन बिल ठेवायचं. हे बघून करणं वेगळं आणि आपोआप होणं वेगळं, माझं सगळं भांडण त्या आपोआपशी आहे. आणि बिल हा शब्द माझा एकटीचा नाही बरं का, आपल्या सर्ट-इनने, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली ती सॉफ्टवेअरच्या "बिल ऑफ मटेरियल्स" वरच आहेत, म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणकोणतं सामान, कुठल्या व्हर्जनचं, ते लिहून ठेवा. तुमचे विद्यार्थी दोन वर्षांनी हेच कागद भरत बसणार आहेत.

तर मागणी काय? सिलॅबस बदला असं म्हणत नाहीये, त्याला किती मीटिंगा आणि किती वर्षं लागतात ते मला माहितीये. मार्किंगमध्ये एकच गोष्ट घाला. १० मार्क, प्रोजेक्ट ज्या मशीनवर बनला नाही त्या मशीनवर, नुसत्या सबमिट केलेल्या फायलींवरून, ग्रुपपैकी कोणी तोंडाने मदत न करता, उभा राहिला तर. बस. पायथन असेल तर व्हर्जनसकट रिक्वायरमेंट्स आणि पायथनचा स्वतःचा आकडा, नोड असेल तर लॉक फाइल आणि नोडचा आकडा, आणि एक पानाची रीडमी (कसं चालवायचं ते). यूव्ही वापरू द्या, पोएट्री वापरू द्या, साधं पिप वापरू द्या, हत्यार कुठलं यावर वाद घालायला मला वेळ नाही. हे १० मार्क आले की बाकीचं मुलं आपोआप शिकतील, मार्कांसाठी आपली मुलं काय काय शिकतात ते तुम्हाला मी सांगायचं?

याने आणखी एक काम होईल जे उघड बोलायला सगळे लाजतात. रेडीमेड प्रोजेक्ट विकणारे लोक रिमोटवर लॅपटॉप घेऊन सेटअप करून देतात, मुलाला फक्त रन दाबायचं माहीत असतं. दुसऱ्या मशीनवर उभा करायला सांगितलं की पाच मिनिटांत कळेल कोणी बनवलाय आणि कोणी आणलाय.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत, मी त्या लॅबमधून आलेय. नेट नसतं किंवा कॉलेजच्या प्रॉक्सीतून पिपला सर्टिफिकेटचा एरर येतो. त्यावर इलाज आहे, नेट असलेल्या मशीनवर, पायथन आणि विंडोज लॅबसारखंच ठेवून, पिप डाउनलोड मारून सगळ्या व्हील फायली एका फोल्डरमध्ये घ्यायच्या आणि लॅबमध्ये नो-इंडेक्स, फाइंड-लिंक्स देऊन त्या फोल्डरवरूनच बसवायच्या, नेट लागत नाही. काही लॅबमध्ये अजून विंडोज ७ आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय, तिथे पायथन ३.८ च्या पुढे जातच नाही, मग तेच लिहा ना ब्लॅक बुकमध्ये, पायथन ३.८, त्यात लाज कसली, उलट पुढच्या वर्षीच्या ग्रुपला कळेल की नवीन टेन्सरफ्लो लायब्ररी का बसत नाही. मनुष्यबळ नाही, नॅकच्या (कॉलेज मूल्यांकनाच्या) फायलींतून डोकं वर काढायला फुरसत नाही, हे तर दिसतंच आहे, म्हणून म्हणते तपासायचं काम तुम्ही करूच नका. ग्रुप एकचा प्रोजेक्ट ग्रुप दोनने उभा करायचा, दोनचा तीनने, असं फिरवा. जिथे अडेल तिथे तीच एकमेकांच्या अंगावर ओरडतील आणि त्यातून जे शिकतील ते मी तासभर बोलून शिकवू शकत नाही.

पुढच्या सेमला मला बोलावणार असाल तर (हे वाचूनही बोलावलंत तर!) एक विनंती. समोसे नकोत. लॅबमधला एक पीसी आदल्या दिवशी फॉरमॅट करून ठेवा, त्यावर फक्त विंडोज, गिट, पायथन आणि नोड. मी नऊलाच येऊन बसते, पहिला ग्रुप त्या पीसीवर.

तुमचीच,
एक माजी विद्यार्थिनी आणि सध्याची एक्स्टर्नल

ता. क. त्या चेहरा-हजेरीवाल्या ग्रुपने घरी जाऊन ब्लॅक बुकमधलं ते पान दुरुस्त केलं, व्हर्जनसकट नवीन प्रिंट काढली. गाइड सरांनी परत पाठवलं. तक्ता मार्जिनच्या बाहेर जात होता म्हणे.